अठ्ठावन्न पॉइंट सहा

प्रिय मासोळी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार वर्षांत पहिलंच, आणि तेही 'आदरणीय सर' अशी सुरुवात करून. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तू हसशील, आणि हसण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, कारण हे 'सर' मीच तुझ्या तोंडात बसवलं. सात वर्षांची होतीस. तलावाच्या काठावरून तू मला 'बाबा' अशी हाक मारलीस आणि मी सगळ्या पोरांसमोर तुला दहा फेऱ्या जास्त मारायला लावल्या. या दारातून आत आलं की इथे कुणी कुणाचा बाबा नाही, असं बजावलं. तू ते इतकं पक्कं शिकलीस की पुढे घरीसुद्धा तुझ्या तोंडून 'बाबा' निघेना. आईने एकदा जेवताना मला यावरून टोकलं, तर मी तिलाच शिस्तीवर भाषण दिलं. असो. तू विचारलं आहेस की सुट्टीत पंधरा दिवस तुझ्या पोरीला माझ्या हाताखाली पाठवू का. त्याचं उत्तर देतो, पण त्याआधी तुला काही सांगायचं आहे. ते वाचल्यावर कदाचित तू पोरीला माझ्या वाऱ्यालाही उभी करणार नाहीस. खरं तर हे पत्र मी लिहिणारच नव्हतो. तुझ्या पत्रातल्या एका ओळीने मला लिहायला बसवलं. ती कुठली ते शेवटी सांगतो.

आधी खुशाली. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतो कोण. आणि मी आनंदात आहे. हे वाक्य दोनदा खोडलं, कारण मी तुझं जे केलं त्यानंतर मी आनंदात असणं म्हणजे तुझ्या जखमेवर मीठ. पण यात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा राहू दे तसंच. म्हातारपणी मला देव भेटला हे तुला मावशीकडून कळलं असेलच. ती ते कुठल्या सुरात सांगत असेल हेही मला ठाऊक आहे. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असंच ना? तिचं चुकत नाही. मी भागलेलाच होतो. गेली दोन वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत दर रविवारी उपासनेला जातो. चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या तीन मोडक्या. मोडक्या कुठल्या हे जुन्या लोकांना माहीत असतं आणि नवा माणूस नेमका तिच्यावरच बसतो. मीही बसलो होतो.

तुला पंपमामा आठवतो? तळघरात पंप आणि फिल्टर सांभाळायचा, ज्याच्या अंगाला सदान्‌कदा क्लोरीनचा वास यायचा तो. तो याच मंडळीतला. त्यांच्याकडे स्वतःचा हौद नव्हता, म्हणून वर्षातून दोन रविवारी ती माणसं क्लबकडून तलावाचा उथळ भाग मागून घ्यायची आणि तिथे बाप्तिस्मा द्यायची. पांढऱ्या अंगरख्यातली माणसं एकेक करून पाण्यात उतरायची, पाळक त्यांना पाठीवर आडवं करून क्षणभर बुडवायचा, वर काढायचा, आणि काठावरचे बाकीचे रडायचे. कपडे घालून पाण्यात उतरायचं नाही हा माझा नियम, त्यामुळे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी काठावर उभा राहून त्यांच्या वेळा घेतल्या. दोन पॉइंट एक, एक पॉइंट नऊ. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की दोन सेकंदांत पापं धुतली जात असतील, तर माझी पोरं रोज चार तास पाण्यात असतात, त्यांना संतपदच देऊन टाका. तूही तेव्हा हसली होतीस. पंपमामाही हसला, आणि सगळं आटोपल्यावर त्यांनी ओली केलेली फरशी पुसून गेला.

तू पोहणं सोडल्यावर माझं नाव पुष्कळ झालं. हे तुला माहीत आहे, कारण कात्रणं मीच तुला पाठवायचो. का पाठवायचो ते आज सांगतो. तू गेल्यामुळे माझं काही अडलं नाही हे तुला दिसावं म्हणून. अकरा पदकं, क्लबच्या दारात माझा फोटो, कोचांना शिकवायला मला बोलावणी. मग बगळी आली. लांब हातापायांची पोर, म्हणून ते नाव. तिला मी तुझ्यापेक्षा कडक वागवलं आणि तीन वर्षांपूर्वी तिने ते मोठं पदक आणलं, ज्याची मी तीस वर्षं वाट पाहिली होती. टीव्हीवाल्याने तिच्यापुढे माईक धरून विचारलं, आता काय वाटतंय. ती म्हणाली, उद्या सकाळी मला कुणी उठवणार नाही. बस, एवढंच म्हणाली. हसली पण नाही. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही, मला एक फोनही केला नाही. त्या संध्याकाळी माझ्यासाठी मेजवानी होती. घरी येऊन मी मानपत्र टेबलावर ठेवलं, वही काढली आणि लिहिलं की तिसऱ्या वळणाला बगळीने दोन दशांश घालवले. लिहून झाल्यावर पेन हातात धरून बसलो. आयुष्यभर ज्याच्या मागे धावलो ते टेबलावर पडलं होतं आणि मला त्याच्याकडे बघावंसंही वाटत नव्हतं. तुझी आई असती तर म्हणाली असती, झालं समाधान? जेवा आता.

त्यानंतर वर्षभराने पंपमामा घरी आला. दारातच उभा राहिला, चपला काढून, आणि म्हणाला, सर, मला तुमच्या मुलीचा पत्ता हवाय, तिची माफी मागायची आहे. मी विचारलं, कशाबद्दल? तो म्हणाला, घड्याळाची वायर मी काढली होती.

आता नीट वाच, मासोळी. तलावाच्या भिंतीवर ते लाल काट्यांचं मोठं घड्याळ होतं ना, जे तुझ्या सोळाव्या वर्षी बंद पडलं, आणि ज्याचे भाग मिळत नाहीत असं मी सगळ्यांना सांगायचो? त्या घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं. भिंतीला हात लावला की तुम्ही पोरं मान वर करून आपली वेळ वाचायचात, आणि मला तुमची वेळ फक्त माझ्या तोंडून कळायला हवी होती. कारण मी खोटी वेळ सांगायचो. सगळ्यांना थोडी वाढवून आणि तुला सगळ्यांत जास्त वाढवून. पोरांना खरी वेळ कळली की ती सुस्तावतात असं माझं शास्त्र होतं. वहीत डाव्या पानावर मी खरी वेळ लिहायचो आणि उजव्या पानावर सांगितलेली, म्हणजे माझाच गोंधळ व्हायला नको. तुझी शेवटची सकाळ दोन्ही पानांवर आहे. निवड चाचणीला सोळा दिवस उरले होते. एकोणसाठ सेकंदांच्या आत यायला हवं होतं, आणि तुला वाटत होतं की वर्षभर घासूनही तू मागच्या स्पर्धेच्या वेळेपाशीच अडकली आहेस. प्रत्यक्षात त्याआधीचे अकरा आठवडे तू एकोणसाठच्या आतच पोहत होतीस. ब्लॉकवर चढताना तू म्हणालीस, सर, आज नाही जमलं तर मी सोडते. मला ती पोकळ धमकी वाटली. चार फेऱ्या झाल्या, तू हात लावलास, मी बटण दाबलं. अठ्ठावन्न पॉइंट सहा. तू भिंतीला धरून धापा टाकत माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी म्हणालो, एकोणसाठ पॉइंट चार. आणि वर म्हणालो, सोडायचं तर सोड, एक लेन रिकामी होईल. तू टोपी काढून ब्लॉकवर ठेवलीस आणि गेलीस. ज्या मुलीची निवड झाली तिची वेळ अठ्ठावन्न पॉइंट नऊ होती.

आई त्या दिवशी टॉवेल घेऊन पायऱ्यांवर बसली होती. घरी येताना म्हणाली, आज पोर काय जोरात गेली हो. मी तिला सांगितलं, तुला यातलं काही कळत नाही. तिला घड्याळाशिवाय कळलं होतं, आणि ती ते खोटं मानूनच गेली. तू दोन दिवसांत परत येशील असं मला वाटलं होतं. मग आठवडा झाला, चाचणी होऊन गेली, आणि आता सांगण्यात काय अर्थ असं म्हणून मी मोकळा झालो. तू मात्र मोकळी झाली नाहीस. मावशी सांगते की दोनदा बढतीची संधी आली तेव्हा तू अर्जच भरला नाहीस, आपली झेप तेवढी नाही म्हणालीस. तुझी झेप किती होती ते डाव्या पानावर लिहिलेलं होतं, आणि वही माझ्या कपाटात होती.

पंपमामाने नुसती वायर काढली होती, तीही मी सांगितलं म्हणून. आणि सतरा वर्षं तो रोज प्रार्थनेत तुझं नाव घेत होता. ज्याने सगळं केलं तो मी ढाराढूर झोपत होतो. मी काय केलं असेल? पत्ता दिला नाही. हसलो. दुसऱ्या दिवशी क्लबच्या कमिटीला सांगितलं की याला आता काम झेपत नाही, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला सांडपाण्याच्या पंपावर त्याची बदली करवली. त्याने तोंड उघडलं असतं तर माझा फोटो दारातून उतरला असता, पण तो काही बोलला नाही. शेवटच्या दिवशी जाताना त्याने फक्त भिंतीवरच्या घड्याळाची वायर जोडून दिली. सकाळी मी आलो तर काटे फिरत होते. पोरं भिंतीला हात लावत होती आणि मान वर करून आपापली वेळ वाचत होती. मी काठावर स्टॉपवॉच घेऊन उभा, आणि माझ्याकडे बघायला कुणी तयार नाही. अर्धा तास मी तसाच उभा होतो.

त्या रविवारी मी त्याला झापायला त्या खोलीत गेलो. उपासना चालू होती, म्हणून मागे मोडक्या खुर्चीवर बसलो आणि सवयीने प्रवचनाची वेळ घेतली. त्रेचाळीस मिनिटं. जित्याची खोड, दुसरं काय. पण त्यातलं एक वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं. पाळक म्हणाला, ख्रिस्ताने तुमच्यावर प्रेम केलं ते तुम्ही काही करून दाखवण्याआधी. मी मनात म्हटलं, म्हणजे शर्यत व्हायच्या आधीच पदक? शेवटच्या लेनमधल्या लंगड्यालाही तेच आणि पहिल्या आलेल्यालाही तेच? मग पहाटे उठून हाडं झिजवणारे आम्ही काय मूर्ख? मला इतका संताप आला की मी पुढच्या रविवारी भांडायला गेलो, आणि त्याच्या पुढच्या. चूक काढायला जात होतो. पंपमामा दर वेळी माझ्यासाठी धड खुर्ची धरून ठेवायचा. ज्याला मी घाणीच्या पंपावर पाठवलं तो माणूस. मी त्याला एकदा विचारलं की तुला माझा राग येत नाही का. तो म्हणाला, येतो की, रोज सकाळी बसमध्ये येतो, मग तो मी प्रभूच्या स्वाधीन करतो, कारण माझ्याने उचलत नाही. मला वाटलं होतं की याच्या अंगातच राग नाही. त्या दिवशी मी रस्त्यावरच रडलो, आणि मला रडताना तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून मुद्दाम सांगतो.

माझा बाप्तिस्मा आपल्याच तलावात झाला. अंगरखा घालून उतरलो तेव्हा काठावर माझीच जुनी पोरं बघत होती. पाळकाने मला आडवं केलं आणि मी बुडेना. पन्नास वर्षं पोहलेलं शरीर, छातीत हवा भरून घेतलेली, पाय आपोआप वर. पाळक दाबतोय आणि मी बुचासारखा तरंगतोय. काठावर हशा. शेवटी दुसऱ्या बाजूने पंपमामा पाण्यात उतरला, माझ्या मानेखाली हात घातला आणि कानाशी म्हणाला, सर, इथे पोहायचं नाही, नुसतं धरून घ्यायचं. मी श्वास सोडला आणि खाली गेलो. किती सेकंद ते मला माहीत नाही. मी पाण्याखाली असताना वेळ मोजली नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

आता मी सकाळी उथळ भागात पाण्याला घाबरणाऱ्या सात म्हाताऱ्या माणसांना तरंगायला शिकवतो. तू चार वर्षांची असताना मी काठावरून बांबू पुढे करायचो आणि तू धरायला आलीस की वीतभर मागे घ्यायचो, आठवतं? तशीच तू पोहायला शिकलीस. या लोकांच्या डोक्याखाली मी हात धरतो. कालच एक शिंपीणबाई, सत्तरीच्या, पहिल्यांदा तरंगल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या. मला त्या अकरा पदकांचं मिळून जेवढं सुख झालं नव्हतं तेवढं झालं. मी तृप्त आहे, बाळ. हे मला तुझ्या वाट्याचं खाऊन मिळाल्यासारखं वाटतं, आणि तरीही मिळालं आहे. मी भांडून बघितलं, पण परत करता येत नाही. तुला सगळं लिहून टाकावं असं दीड वर्षांपूर्वीच मनात आलं होतं. तेव्हा पंपमामाने मला विचारलं, हे तिच्यासाठी लिहिताय की स्वतःचं ओझं तिच्या डोक्यावर टाकायला? मला उत्तर देता आलं नाही. एकोणीस वर्षांनी तुला सांगायचं की तू कमी पडली नव्हतीस, तुला फसवलं होतं, आणि ती शर्यत आता कुठेच नाही. तुला तेवढंच मिळालं असतं आणि मला हलकं वाटलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो.

आणि मग मंगळवारी तुझं पत्र आलं. पोरगी नऊ वर्षांची आहे, पाण्यात जीव आहे तिचा, पण माझ्यासारखीच थोडक्यात राहून जाईल अशी भीती वाटते, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, 'मी तिला वेळ सांगताना अर्धा सेकंद वाढवूनच सांगते, म्हणजे डोक्यात हवा जात नाही. तुम्हाला हे पटेल, सर.' मी ही युक्ती तुला कधीच शिकवली नव्हती. तू ती कुठून उचललीस? मी ती ओळ वाचली आणि पंपमामाच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. हे पत्र माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठीही नाही. काठाला धरून धापा टाकत जी आज तुझ्या तोंडाकडे बघते, तिच्यासाठी आहे. वही सोबत पाठवतोय, डावी पानं वाच. मला माफ केल्याचं घाईने लिहू नकोस, लहानपणापासून तू मला आवडेल तेच बोलत आली आहेस. पोरीला पाठवायचं की नाही ते तू ठरव. पाठवलीस तर माझ्याकडे स्टॉपवॉच नसेल. भिंतीवरचं घड्याळ चालू आहे, ती आपली आपण वाचेल. पण आज ती पोहून आली की अंग पुसायच्या आधी तिला तिची खरी वेळ सांग. आजचीही, आणि आजवरच्या सगळ्या. ती विचारेल, मग आई, इतके दिवस खोटं का सांगितलंस? तेव्हा खाली बघू नकोस. मी एकोणीस वर्षं बघितलं.

'सर' म्हणू नकोस. दुसरं काही म्हणवलं नाही तर काहीच म्हणू नकोस.

काठावरून खाली उतरलेला,
तुझाच
बाबा